पावणेदोन इंचांची जागा आणि नववी चिप

घरी रॅक सर्व्हर, म्हणजे लोखंडी चौकटीत आडवा बसवायचा संगणक, बांधायला घेतलेला माणूस दोन याद्या करतो. एका कागदावर कूलर आणि पंखे, दुसऱ्यावर रॅम. मीही तशाच केल्या होत्या. दोन्ही याद्यांतलं सामान शेवटी एकाच अरुंद पत्र्याच्या खोक्यात एकमेकांना खेटून बसणार आहे, हे स्क्रूड्रायव्हर हातात घेतल्यावर कळलं. पुढे मागचा इतिहास वाचत गेलो तेव्हा आणखी एक गंमत सापडली. खोक्याची उंची आणि चुका दुरुस्त करणारी मेमरी (ईसीसी) या दोन्हींचा उगम एकाच घराण्यात आहे: अमेरिकेच्या टेलिफोन कंपनीत.

आधी उंची. लांब पल्ल्याच्या फोनलाइनवर आवाज क्षीण होतो, म्हणून वाटेत तो पुन्हा वाढवणारे रिपीटर बसवावे लागत. सुरुवातीला हे रिपीटर फळ्यांवर जमेल तसे मांडले जायचे. एक्स्चेंजमधली जागा संपू लागली तेव्हा, १९२२ च्या सुमारास, एटी अँड टी या त्याच टेलिफोन कंपनीने १९ इंच रुंदीची लोखंडी चौकट ठरवली आणि उभ्या अंतराचं माप धरलं पावणेदोन इंच. तेच आजचं '१यू', म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. पुढे ते ईआयए-३१० या मानकात आलं आणि रेल्वे सिग्नलपासून रेकॉर्डिंग स्टुडिओपर्यंत सगळ्यांनी उचललं. संगणकाने ही चौकट आयती घेतली. त्यामुळे आज आपण कूलर निवडतो तेव्हा शंभर वर्षांपूर्वीच्या फोन एक्स्चेंजच्या मापात निवडतो.

४४ मिलिमीटरच्या उंचीत पत्र्याची जाडी वजा केली की ४० मिलिमीटरचा पंखा बसतो, त्याहून मोठा नाही. २यूमध्ये ८० चा बसतो, ३यू-४यूमध्ये १२० चा. १२० च्या पंख्याचं क्षेत्रफळ ४० च्या नऊपट. लहान पंख्याने तेवढी हवा ढकलायची तर तो फिरवत सुटावं लागतं, आणि इथे पंख्यांचं गणित आपल्या विरुद्ध जातं. वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण वीज आठपट लागते आणि आवाज साधारण १५ डेसिबलने चढतो. १यू सर्व्हरमधले पंखे मिनिटाला १५,००० फेऱ्यांच्याही पुढे जातात. एका ओळीत असे सहा-सात.

हे कोणी सहन का केलं? कारण ऐकायला तिथे कोणी नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी वेब होस्टिंगचा धंदा वाढला आणि भाडं रॅकमधल्या जागेवर आकारलं जाऊ लागलं. तेवढ्याच रॅकमध्ये दुप्पट मशिन्स बसली तर कमाई दुप्पट. कोबाल्ट या कंपनीचं १यू 'रॅक्यू' १९९८ मध्ये आलं, मग अशा चपट्या पेट्यांची रांगच लागली. सर्व्हररूममधली हवा थंड असायची. २००४ साली वातानुकूलन अभियंत्यांच्या अ‍ॅश्रे या संस्थेने सर्व्हररूमसाठी २० ते २५ अंशांची शिफारस केली, २००८ मध्ये ती १८ ते २७ अशी सैल केली. थंड हवा, बंद दार आणि आत कोणी झोपत नाही, अशा खोलीसाठी घडवलेलं यंत्र पाच-सहा वर्षांनी निवृत्त होतं, स्वस्तात विकलं जातं आणि कुणाच्या तरी घरी येतं.

माझ्या घरी असंच एक १यू आलं होतं. स्विच दाबल्यावर सगळे पंखे आधी पूर्ण वेगाने फिरतात, मग बायॉस (संगणक सुरू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) त्यांना आवरतं, हे मला ठाऊक होतं. आवरल्यानंतरही ते दोन बंद दारांपलीकडे ऐकू जाईल, हे ठाऊक नव्हतं. आठवड्याभरात ते वीजपुरवठ्यापासून सुटलं आणि पुस्तकांचं ओझं पेलू लागलं. त्यासाठी पेटी उत्तम आहे, सपाट आणि मजबूत.

म्हणून घरी बांधणारे हळूहळू ४यूकडे सरकले. ४यूची उंची १७७.८ मिलिमीटर. मदरबोर्ड आणि त्याखालचे खांब वजा केले की १५० मिलिमीटरच्या आसपासचा मनोऱ्यासारखा कूलर आत मावतो. १६० च्या पुढचा असेल तर बहुधा झाकण बंद होत नाही. मनोऱ्यातल्या, उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या हीटपाइपची कल्पना आपल्या कामासाठी निघालीच नव्हती. १९६३ मध्ये लॉस अ‍ॅलमॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती अंतराळातल्या अणुऊर्जेसाठी घडवली. तिच्याविना भागायचा काळही आपण पाहिला आहे: १९८९ चा ४८६ प्रोसेसर पंख्याविना चालायचा, १९९३ चा पहिला पेंटियम १५ वॅटच्या आसपास होता, आणि २००४ च्या पेंटियम ४ 'प्रेस्कॉट'ने शंभरी ओलांडली.

आता मेमरी. एटी अँड टीच्याच बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत १९४७ च्या सुमारास रिचर्ड हॅमिंग यांना रिलेंवर, म्हणजे विजेच्या खटक्यांवर, चालणारा एक संगणक फक्त शनिवार-रविवारी वापरायला मिळायचा. यंत्राला चूक ओळखता यायची. इतर दिवशी चूक झाली की दिवा लागे आणि माणूस धावे, पण सुट्टीच्या दिवशी माणूस नसल्याने यंत्र ते गणित टाकून पुढचं घ्यायचं. सलग दोन सोमवारी हॅमिंग आले आणि दोन्ही वेळा काम अर्धवट पडलेलं. यंत्राला चूक झाली हे कळतं, तर कुठे झाली हे का कळू नये, या त्राग्यातून त्यांचा कोड निघाला. तो १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. सुट्टीत कोणी नसताना काम तडीस जावं ही ती गरज होती. घरातल्या कोपऱ्यात महिनोन्महिने एकटं चालणाऱ्या सर्व्हरची गरज याहून वेगळी नाही.

हिशेब असा: ६४ बिटांच्या शब्दाला आणखी ८ बिट जोडले, की एक बिट चुकला तर तो जागच्या जागी दुरुस्त होतो आणि दोन चुकले तर निदान बोंब ठोकता येते. म्हणूनच डीडीआर४ या पिढीपर्यंतच्या साध्या ईसीसी रॅमच्या पट्टीवर (स्टिकवर) एका बाजूला आठऐवजी नऊ चिपा मोजता येतात. जुन्या सामानाच्या ढिगात लेबल फाटलेलं असेल तर मी आजही आधी चिपा मोजतो.

आयबीएमच्या १९६१ च्या 'स्ट्रेच' संगणकात ही सोय होती. महासंगणक घडवणारे सेमूर क्रे यांना मात्र ती ओझं वाटायची, अगदी पॅरिटीसुद्धा, म्हणजे चूक नुसती ओळखणारा जादा बिट. 'पॅरिटी शेतकऱ्यांसाठी असते' हे वाक्य त्यांच्या नावावर सांगितलं जातं (अमेरिकेत शेतमालाच्या आधारभावालाही 'पॅरिटी' म्हणत). त्यांच्या सीडीसी ६६०० च्या मेमरीत पॅरिटीसुद्धा नव्हती. पुढे क्रे-१ चं पहिलं यंत्र १९७६ मध्ये लॉस अ‍ॅलमॉसला गेलं ते नुसत्या पॅरिटीवर, नंतरच्या यंत्रांत मात्र दुरुस्तीचे बिट आले.

मुळात बिट का उलटतात, याचं उत्तर १९७८ मध्ये इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी दिलं. चिपच्या आवरणाच्या मालमसाल्यात युरेनियम-थोरियमचे अत्यल्प अंश होते. त्यांतून सुटणारे अल्फा कण मेमरीतला भार पुसत होते. पुढच्याच वर्षी आयबीएमचे झीगलर आणि येलचे लॅनफर्ड यांनी दाखवलं की वैश्विक किरणही हेच करू शकतात. आवरणं शुद्ध करता आली, पण आकाशाला गाळणी लावता आली नाही.

घरगुती संगणकाकडे हे शहाणपण आधी आलं आणि मग गेलं. १९८१ च्या आयबीएम पीसीत दर आठ बिटांमागे नववा पॅरिटीचा बिट होता. तो दुरुस्ती करत नसे, फक्त 'पॅरिटी चेक' असं लिहून यंत्र जागीच थांबवायचा. नव्वदच्या दशकात रॅम महाग होती आणि नववी चिप म्हणजे आठव्या हिश्शाचा वाढीव खर्च. बाजारात खोट्या पॅरिटीच्या स्टिकही आल्या: नवव्या जागी मेमरीच नाही, विचारल्यावर 'बरोबर आहे' असं उत्तर देणारी चिप. तपासनीसच फितूर! इंटेलच्या १९९५ च्या ४३०एफएक्स चिपसेटने (प्रोसेसर आणि रॅम जोडणाऱ्या चिपांच्या संचाने) पॅरिटी काढूनच टाकली. १९९६ च्या ४३०एचएक्समध्ये ती परत आली, पण तोवर सामान्य ग्राहकाला तिच्यावाचून राहायची सवय लागली होती.

त्यानंतर ईसीसी ही सर्व्हरची वस्तू झाली. इंटेलच्या बाजूला बरीच वर्षं झिऑन हा सर्व्हरचा प्रोसेसर घ्यावा लागे किंवा मोजकेच अपवाद शोधावे लागत. एएमडीच्या बहुतेक रायझन प्रोसेसरमध्ये बोर्ड बनवणाऱ्याने तारा जोडल्या असतील तर चालते. २०२१ च्या जानेवारीत लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी यावरून इंटेलला जाहीरपणे फटकारलं. माझं मत त्यांच्याच बाजूचं आहे. नवव्या चिपची किंमत किरकोळ आहे, ती लावू देणाऱ्या प्रोसेसर-बोर्डची जोडी शोधण्यातच खरा खर्च होतो.

याच काळात एक भीतीही पसरली: डिस्कवरच्या चुका स्वतः दुरुस्त करणारी झेडएफएस ही फाइलसिस्टिम वापरत असाल आणि ईसीसी नसेल, तर दुरुस्ती करता करता ती सगळा डेटा नासवून टाकेल. झेडएफएसच्या निर्मात्यांपैकी मॅथ्यू अ‍ॅरेन्स यांनी स्पष्ट सांगितलं आहे की इतर फाइलसिस्टिमपेक्षा झेडएफएसला ईसीसीची अधिक गरज आहे असं काही नाही. डेटा प्यारा असेल तर ईसीसी कुठेही लावा, एवढाच त्याचा अर्थ.

भीतीपेक्षा आकडे बरे. २००९ मध्ये श्रोडर, पिनेरो आणि वेबर यांनी गूगलच्या सर्व्हरताफ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक स्टिकमध्ये एकदा तरी चूक नोंदली गेली होती, आणि यंत्रांपैकी सुमारे एक तृतीयांशमध्ये. बऱ्याच चुका किरणांच्या नसून खुद्द चिपमधल्या दोषाच्या, त्याच त्याच स्टिकमध्ये पुन्हा पुन्हा होणाऱ्या वाटत होत्या. आणखी एक गोष्ट अनपेक्षित होती: त्या तापमानांत उष्णतेचा चुकांवर फारसा परिणाम दिसला नाही.

मग मेमरी थंड ठेवायची कशाला? डेटासेंटरची हवा आणि घरातल्या बंद कपाटातली हवा एक नाही, म्हणून. डीरॅममधला, म्हणजे रॅमच्या चिपमधला, प्रत्येक बिट म्हणजे गळका थेंब. डीडीआर४ मध्ये तो साधारण ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो. तापमान वाढलं की गळती वाढते. ८५ अंशांच्या वर गेलं की भरण्याचा वेग दुप्पट करावा लागतो, म्हणजे मुदत ३२ मिलिसेकंद. तेवढा वेळ कामातून जातो, आणि वीज जाते ती वेगळी.

गरम मेमरीचा धडा २००६ मध्ये फुली बफर्ड डिम या प्रकारच्या रॅमने दिला. त्या प्रत्येक स्टिकच्या मध्यावर एक बफर चिप असायची, एकटीच काही वॅट खाणारी. अ‍ॅपलच्या मॅक प्रो संगणकासाठीच्या स्टिकवर तर चांगले जाडजूड हीटसिंक बसवलेले असत. आठ स्टिक लावल्या की प्रोसेसरशेजारी छोटी शेगडी पेटल्यासारखं. दोन-तीन वर्षांत तो प्रकार मागे पडला, आणि अशा स्टिक आजही कवडीमोलाने मिळतात. घेऊ नका.

मी वेगळ्याच जागी फसलो. रजिस्टर्ड ईसीसी (जिच्यात आज्ञा मधल्या एका चिपमधून जातात) स्वस्त दिसली, घेतली. डीडीआर४ ची खाच तीच, त्यामुळे स्टिक स्लॉटमध्ये 'टक्' करून छान बसली. बोर्ड अनबफर्ड, म्हणजे तशी मधली चिप नसलेल्या, मेमरीचा. पडदा काळा, आत एक बीप, मग शांतता. तास गेला प्रोसेसरच्या पिना तपासण्यात. डीडीआर५ ने ही चूक अशक्य केली आहे. दोन्ही प्रकारांची खाच वेगळी, आणि वेगळी असावीच लागते, कारण रजिस्टर्डला १२ व्होल्ट जातात आणि अनबफर्डला ५.

दोन्ही याद्या एकत्र येतात ती जागा बोर्डावर आहे. १९९५ च्या एटीएक्स या मदरबोर्डच्या मांडणीत रॅमचे स्लॉट मागच्या कडेला समांतर असतात. बोर्ड रॅकच्या पेटीत आडवा ठेवला, समोरून हवा सोडली, की स्टिक हवेला आडव्या उभ्या राहतात, प्रोसेसरच्या पुढ्यात भिंतीसारख्या. सर्व्हर बोर्डवर बहुधा स्लॉट नव्वद अंशांत फिरवलेले असतात आणि हवा स्टिकांच्या मधून वाहते. साधी स्टिक ३१ मिलिमीटर उंच, तेव्हा १यूमध्ये त्या भिंतीवरून जायला वाटच उरत नाही. त्यासाठी १९ मिलिमीटरच्या आतल्या बुटक्या स्टिकही निघाल्या. ४यूमध्ये वर जागा असते, पण शोभेचे पंख लावलेली ४५ मिलिमीटरची स्टिक घेतली तर ती कूलरच्या पंख्याला टेकते. मग पंखा वर सरकवायचा आणि वर सरकला की झाकण लागत नाही.

माझ्या आताच्या ४यूमध्ये पुठ्ठ्याचा एक पडदा आहे. समोरच्या तीन पंख्यांची हवा वरून निसटू नये म्हणून कापलेला, कडांना चिकटपट्टी. स्टिक डीडीआर५ च्या. त्यांच्यावर व्होल्टेज सांभाळणारी चिप बोर्डवरून उठून आता स्टिकवरच आली आहे आणि तीही तापते. बहुतेक स्टिकवर तापमान सांगणारा सेन्सरही आहे, २०२४ पासून लिनक्स कर्नल तो थेट वाचतो. पहिल्या आठवड्यात मी पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानाला बांधला होता. रात्री बॅकअप चालू झाला की प्रोसेसर निवांत, पंखे निवांत, आणि भिंतीतल्या मधल्या दोन स्टिक तापत चाललेल्या. आता वेग त्या दोन स्टिकच ठरवतात.