सापळा भरला, तरी आंबा किडका का?

मे महिन्यात वळवाचे दोन पाऊस झाले की खानापूर-बेळगाव भागातल्या बागायतदारांची एक तक्रार हमखास ऐकू येते. झाडाला फळमाशीचा सापळा टांगलाय, तळाशी माश्यांचा खच पडलाय, तरी पाडाचा आंबा चिरला की आत अळ्या! मग राग निघतो सापळ्यावर, नाहीतर तो विकणाऱ्या दुकानदारावर. पण सापळ्याने त्याचं काम केलेलं असतं. ते काम काय, हेच बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं.

सापळ्यातल्या औषधाच्या वासाला भुलून आत पडलेल्या फळमाश्या जवळपास सगळ्या नर असतात. फळाच्या सालीखाली अंडी घालते ती मादी, आणि तिला या वासाचं फारसं काही वाटत नाही.

हा वास फळमाशीला ओढतो हे आपल्याच देशात कळलं, तेही डासांच्या निमित्ताने. बिहारमधल्या पुसा इथे हौलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांच्या शेजाऱ्याने डास पळावेत म्हणून सिट्रोनेला गवताचं तेल वापरलं. डास गेले की नाही कुणास ठाऊक, फळमाश्या मात्र झुंडीने आल्या. हौलेट यांनी १९१२ साली हे निरीक्षण छापलं आणि पुढे १९१५ मध्ये मिथाईल युजेनॉल या द्रव्याकडे बोट दाखवलं. सापळ्यात असतं ते हेच द्रव्य, आणि ते तुळशीच्या तेलातही असतं. म्हणून तुळशीचा पाला ठेचून करवंटीत ठेवायचा घरगुती उपाय खोटा नाही. फक्त सगळ्या तुळशी सारख्या नसतात. काहींच्या तेलात लवंगेतलं साधं युजेनॉलच जास्त असतं, आणि त्याला माशी तितकी भुलत नाही.

नर हे द्रव्य नुसतं हुंगत नाही, चाटून खातो. पोटात गेल्यावर त्याचं रूप बदलतं, ते शरीराच्या मागच्या टोकाकडच्या ग्रंथीत साठतं, आणि तिन्हीसांजेला नर तोच वास हवेत सोडून मादीला बोलावतो. असं खाल्लेल्या नराला जोडीदारीण लवकर मिळते. म्हणजे ही ओढ भुकेची नाही, लग्नाची आहे.

आता हिशेब बघा. एक नर अनेक माद्यांना पुरतो. शंभरातले नव्वद मेले तरी उरलेले दहा काम भागवतात. शिवाय शेजारच्या बागेत मीलन झालेली मादी बांध ओलांडून तुमच्या आंब्यावर येते, तिला तुमचा सापळा दिसतही नाही. प्रशांत महासागरातल्या रोटा बेटावर १९६०च्या दशकात मिथाईल युजेनॉल आणि कीटकनाशकात भिजवलेले तुकडे विमानातून टाकून ही माशी समूळ संपवली होती. ते बेट होतं म्हणून जमलं. खानापूरच्या बांधाला समुद्र नाही. एकट्याने चार सापळे लावण्यापेक्षा अख्ख्या शिवाराने एकाच वेळी, फळ पाडाला येण्याच्या आधीपासून लावले, तर त्यात अर्थ आहे.

मादीसाठी वेगळी सोय लागते. अंडी तयार व्हायला तिला प्रथिनं हवी असतात, म्हणून प्रथिनयुक्त आमिषात कीटकनाशक मिसळून ते झाडावर ठिकठिकाणी शिंपडतात. आणि गळलेला आंबा, पेरू झाडाखाली राहू द्यायचा नाही. त्यातली पोसलेली अळी जमिनीत शिरून कोष करते आणि काही दिवसांनी माशी होऊन वर येते. ही फळं उकिरड्यावर टाकणं म्हणजे माशीची पैदास तिथे हलवणं. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात टाका, आतल्या अळ्या मरतात.

मिथाईल युजेनॉल हाताळताना हातमोजे घाला. वनस्पतीतलं असलं तरी उंदरांवरच्या चाचण्यांत ते कर्करोगकारक ठरलं आहे.

आंब्याच्या कडेला काकडी, दोडका, कारलं असेल, तर तिथे हा सापळा टांगून उपयोग नाही. वेलवर्गातली फळमाशी वेगळी, तिचा नर क्यू-ल्यूर नावाच्या दुसऱ्याच वासाला येतो. दुकानात नुसतं ‘फळमाशीचं औषध द्या’ म्हणू नका, पीक कोणतं ते आधी सांगा.