कुंचल्याच्या आतलं गणित

संगणकावर लाल रंगापासून हिरव्या रंगापर्यंत हळूहळू बदलत जाणारा पट्टा काढला, तर पुष्कळदा मधोमध एक मळकट, काळपट भाग दिसतो. प्रत्यक्षात पांढऱ्या भिंतीवर लाल आणि हिरव्या प्रकाशाचे दोन झोत पाडले आणि दोन्ही निम्म्यावर आणून एकमेकांत मिसळले, तर तिथे पिवळा उमटतो आणि तो असा काळवंडत नाही. संगणकावर चित्रे काढणाऱ्या अनेकांनी हा दोष आपल्या रंगनिवडीचा मानून वर्षानुवर्षे वरून उजळ रंगाचे हात फिरवले. दोष त्यांचा नव्हता, तो अवजाराच्या आत केलेल्या एका बेरजेत होता.

फाइलीत प्रत्येक रंगासाठी ० ते २५५ यांमधला एक आकडा साठवलेला असतो. हा आकडा आणि पडद्यावरून बाहेर पडणारा प्रकाश यांचे प्रमाण सरळ नसते. माणसाच्या डोळ्याला अंधाऱ्या छटांमधले बारीक फरक चटकन कळतात, उजळ छटांमधले तितके कळत नाहीत. म्हणून हाताशी असलेल्या २५६ पायऱ्यांपैकी जास्त पायऱ्या गडद छटांना दिलेल्या असतात. त्यामुळे १२७ हा आकडा निम्म्या प्रकाशाचा नसून सुमारे २१ टक्के प्रकाशाचा असतो, आणि निम्मा प्रकाश हवा असेल तर आकडा १८८ च्या आसपास असावा लागतो. ज्या प्रणाली आकड्यांचीच थेट सरासरी काढतात, त्या लाल आणि हिरव्याच्या मध्यावर दोन्ही रंग १२७ वर नेऊन ठेवतात आणि मधला पट्टा गरजेपेक्षा अंधारतो.

गिंप या मुक्त, म्हणजे जिची घडण कोणालाही वाचता आणि बदलता येते अशा, चित्रसंस्कार प्रणालीच्या २०१८ साली आलेल्या २.१० या आवृत्तीत हा हिशेब मुळापासून बदलला. तिचा गाभा गेग्ल नावाच्या नव्या यंत्रणेवर नेण्यात आला, प्रत्येक रंगाला ३२ बिटांपर्यंत अचूकता मिळाली, आणि रंगांचे मिश्रण डोळ्याच्या मापाने करायचे की प्रत्यक्ष प्रकाशाच्या मापाने, हे चित्रकाराला ठरवता येऊ लागले. हे काम पुरे व्हायला पुष्कळ वर्षे लागली, पण त्यातला प्रत्येक टप्पा उघड्यावर घडला. कोणत्या ओळीत चुकीची सरासरी काढली जाते, ती का काढली जाते, बदलली तर जुन्या चित्रांचे काय होईल, याची चर्चा कोणालाही वाचता येत होती आणि कोणालाही तीत भाग घेता येत होता.

मुक्त सॉफ्टवेअरचे कलावंताच्या दृष्टीने खरे मोल मला इथे दिसते. प्रत्येक अवजारात ते घडवणाऱ्याचे शेकडो निर्णय गोठलेले असतात. रंग कसे मिसळावेत, रेषा कुठे गुळगुळीत व्हावी, सावलीची कड किती मऊ असावी, हे सगळे कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले असते. मुक्त अवजारात हे निर्णय वाचता येतात, तपासता येतात आणि पटले नाहीत तर बदलता येतात. इंग्रजीत ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्यामुळे तिथे घोटाळा होतो; आपल्या भाषेत दोन स्वतंत्र शब्द असूनही आपण मात्र ‘फुकटातले सॉफ्टवेअर’ म्हणून मोकळे होतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाची घोषणा केली आणि पुढे १९८९ साली त्याचा सार्वजनिक परवाना आला, तेव्हा त्यामागे किमतीचा विचार नव्हता. प्रणाली कोणत्याही कामासाठी चालवणे, तिची घडण अभ्यासून ती बदलणे, तिच्या प्रती इतरांना देणे आणि आपण बदललेली आवृत्तीही वाटणे, अशा चार स्वातंत्र्यांचा तो विचार होता. हा परवाना अवजाराला लागू होतो, त्या अवजाराने केलेल्या चित्राला नाही. मुक्त प्रणालीत काढलेले चित्र चित्रकाराचेच राहते आणि ते हवे तसे विकता येते. ही गोष्ट स्पष्टपणे सांगावी लागते, कारण केवळ या गैरसमजापायी अनेक व्यावसायिक चित्रकार या साधनांपासून दूर राहिलेले मी पाहिले आहेत.

आता एक फाइल उघडून पाहू. इंकस्केप ही रेखाचित्रांची प्रणाली २००३ पासून विकसित होत आहे. ती आपली चित्रे एसव्हीजी या खुल्या मानकानुसार साठवते, आणि हे मानक २००१ साली वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने प्रसिद्ध केले आहे. त्यात काढलेली एखादी वक्ररेषा साठवून ती फाइल चित्राऐवजी साध्या मजकुराच्या प्रणालीत उघडली, तर आत चक्क वाचता येण्याजोगा मजकूर दिसतो. ‘एम’ या अक्षरापुढे दोन आकडे असतात, तो रेषेचा आरंभबिंदू. पुढे ‘सी’ हे अक्षर आणि सहा आकडे असतात. त्यांतल्या पहिल्या दोन जोड्या रेषेला आपल्याकडे ओढणाऱ्या, पण बहुधा रेषेवर नसलेल्या दोन बिंदूंच्या असतात आणि शेवटची जोडी अंत्यबिंदूची असते. त्यातला एखादा आकडा हाताने बदलून फाइल पुन्हा चित्र म्हणून उघडली, की रेषेचा बाक बदललेला दिसतो. पहिल्यांदा हे केले तेव्हा मला विलक्षण आनंद झाला होता, कारण इतकी वर्षे रेषा वाकवण्यासाठी माउसने ओढत असलेली ती दांडी म्हणजे नेमके काय, हे त्या दिवशी कळले.

चार बिंदूंवरून वक्र कसा निघतो, हे कागदावरही करून पाहता येते. चार बिंदू क्रमाने जोडल्यावर तीन रेषाखंड मिळतात. प्रत्येकाचा मध्यबिंदू घेऊन ते तीन मध्यबिंदू जोडले की दोन खंड उरतात. त्यांचे मध्यबिंदू जोडले की एक खंड उरतो, आणि त्याचा मध्यबिंदू बरोबर वक्रावर असतो. मध्याऐवजी पाव अंतरावरचे, एकदशांश अंतरावरचे असे बिंदू घेत गेले, की सारा वक्र उमटतो. ही रीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ साली सित्रोएन या मोटार कंपनीत असताना शोधली, पण कंपनीने ती गुप्त ठेवली. रेनो कंपनीतल्या पिएर बेझिए यांनी असेच वक्र स्वतंत्रपणे मांडले आणि आपले काम प्रसिद्ध केले. आज जगभरचे चित्रकार या वक्राला बेझिए वक्र म्हणतात. ज्ञान झाकून ठेवल्याने ते कोणाच्या नावावर जाते, याचे इतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

क्रिटा ही खास रंगकामासाठी घडवलेली प्रणाली आहे. तिच्यातला कुंचला, किंबहुना बहुतेक संगणकीय कुंचले, सलग रेघ ओढतच नाहीत. ते एकच ठसा ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा उमटवतात आणि ठसे एकमेकांवर चढल्याने आपल्याला रेघ दिसते. समजा ठसा १०० पिक्सेल रुंदीचा आहे, दोन ठशांतले अंतर त्याच्या १० टक्के आहे आणि प्रत्येक ठसा केवळ १० टक्के रंग लावतो. रेघेच्या मध्यावरच्या एका बिंदूवर असे सुमारे दहा ठसे पडतात. प्रत्येक ठशानंतर खालचा कागद नव्वद टक्के उरतो. हे दहा वेळा झाले की तो जेमतेम ३५ टक्के दिसतो आणि रंग ६५ टक्के चढलेला असतो. अंतर दुप्पट केले तर तिथे पाचच ठसे पडतात आणि रंग ४१ टक्क्यांवर येतो. कुंचल्याचे ‘अंतर’ बदलल्यावर रंग फिका का पडतो, असा प्रश्न शिकणाऱ्यांना हमखास पडतो. त्याचे उत्तर एवढ्या गुणाकारात आहे.

लेखणीचा दाब, तिचा कल, हात फिरण्याचा वेग या गोष्टी ठशाचा आकार आणि गडदपणा क्षणोक्षणी बदलत असतात, आणि चांगल्या कुंचल्याचा जिवंतपणा त्यातूनच येतो. मायपेंट या छोट्या मुक्त प्रणालीतले कुंचले या बाबतीत चित्रकारांना फार आवडले. परवाना मुक्त असल्याने तिचे कुंचलायंत्र इतर प्रणालींनाही वापरता येईल अशा स्वतंत्र संचाच्या (लायब्ररीच्या) रूपात वेगळे काढता आले, ते २०१८ साली गिंपमध्ये आणि २०२१ साली क्रिटामध्येही आले. एका कार्यशाळेत घडलेला कुंचला शेजारच्या दोन कार्यशाळांत पोचला आणि त्यासाठी कोणाला कोणाकडून तो विकत घ्यावा लागला नाही.

त्रिमिती चित्रणात ब्लेंडर या सॉफ्टवेअरची हकीकत सर्वांत मोठी आहे. नेदरलँड्समधल्या एका चलच्चित्रण (अ‍ॅनिमेशन) कार्यशाळेत टॉन रोझेनदाल यांनी ते आपल्याच कामासाठी लिहायला घेतले. पुढे ते चालवणारी कंपनी २००२ साली बंद पडली आणि सारे काम गुंतवणूकदारांच्या कपाटात अडकले. ते सोडवून घेण्यासाठी एक लाख युरो लागणार होते. वापरणाऱ्यांनी ते सात आठवड्यांत जमवून दिले आणि १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडरची उगमसंहिता (सोर्स कोड) ग्नू परवान्याखाली खुली झाली. २०२५ च्या मार्चमध्ये सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळालेला लात्वियाच्या गिन्ट्स झिलबालोडिस यांचा ‘फ्लो’ हा चित्रपट याच ब्लेंडरमध्ये घडला.

ब्लेंडरमधून चित्र काढून घेण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. सायकल्स ही वाट प्रकाशाच्या भौतिकीला धरून चालते. ती कॅमेऱ्यातून प्रत्येक पिक्सेलसाठी काल्पनिक किरण सोडते, ते वस्तूंवर आपटून कसेही उसळतात आणि दिव्यापर्यंत पोचले तर उजेड मोजला जातो. किरण यदृच्छेने निवडलेले असल्याने चित्रावर आधी वाळू सांडल्यासारखे ठिपके दिसतात. ही खरखर किरणांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच कमी होते, म्हणजे ती निम्मी करायची तर किरण चौपट लागतात आणि एकदशांशावर आणायची तर शंभरपट. चित्रपटाची एकेक चौकट (फ्रेम) तासन्‌तास का चालते, ते यावरून कळावे. दुसरी वाट ईव्ही हिची. ती २०१९ साली २.८० या आवृत्तीत आली, आणि संगणकीय खेळांसारखी अनेक ठिकाणी प्रकाशाचा अंदाज बांधून क्षणात चित्र उभे करते. ‘फ्लो’ याच वाटेने गेला. त्याच्या अंतिम चौकटी यंत्रांच्या मोठ्या ताफ्याविना दिग्दर्शकाच्या स्वतःच्या संगणकावर काढल्या गेल्या. चित्रपटाचे ते किंचित रंगचित्रासारखे रूप आणि अवजाराची ही जात यांचा मेळ नेमका बसला.

या साधनांच्या उणिवाही खऱ्या आहेत. छपाईच्या चार शाईरंगांतले काम गिंपमध्ये दीर्घकाळ अवघड होते आणि त्या कामाला आजही क्रिटा अधिक सोयीची पडते. मोठ्या कार्यशाळांची सारी घडी व्यावसायिक प्रणालींभोवती बसलेली असते, तिथे एकट्याने साधन बदलणे सोपे नसते. बहुतेक प्रकल्प मूठभर माणसांच्या कष्टावर चालतात आणि ती माणसे थकली की सुधारणा रेंगाळतात. ब्लेंडरने यावर काढलेला मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. तिथे चित्रकार आणि प्रणाली लिहिणारे एकत्र बसून लघुपट करतात, आणि लघुपटाला जे लागेल ते अवजारात घालत जातात. २००८ सालच्या ‘बिग बक बनी’ या ससोबाच्या लघुपटासाठी फर आणि गवताची साधने सुधारली गेली, तर २०१२ सालच्या ‘टिअर्स ऑफ स्टील’साठी खऱ्या चित्रणात संगणकीय दृश्ये बेमालूम बसवण्याची साधने तयार झाली.

या लघुपटांच्या मूळ फाइलीही खुल्या आहेत. सशाचे दृश्य कोणीही आपल्या संगणकावर उघडू शकतो, त्याच्या कातडीआडची हाडे कशी जोडली आहेत ते पाहू शकतो आणि त्यातला एक दिवा हातभर बाजूला सरकवून गवतावरची सावली कुठे जाते, हे स्वतः तपासू शकतो.