लोह काढणारी गोळी आणि तिच्यामागची साठ वर्षे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात ज्या घरात थॅलेसेमिया मेजरचे (शरीरात पुरेसे हिमोग्लोबिन तयार न होणाऱ्या, म्हणून नियमित रक्त द्यावे लागणाऱ्या आनुवंशिक आजाराचे) मूल आहे, त्या घरात रक्त चढवण्याची तारीख सहसा चुकत नाही. हिमोग्लोबिन उतरले की मूल मलूल होते, खेळायचे थांबते आणि आईवडील सगळी कामे टाकून रक्तपेढी गाठतात. शरीरातले लोह काढण्यासाठी रोज घ्यायची गोळी मात्र चुकत राहते, कारण ती चुकल्याचे दुसऱ्या दिवशी काहीच जाणवत नाही. हा फरक आजचा नाही. उपचाराच्या इतिहासात तो पहिल्यापासून आहे.

रक्ताच्या एका पिशवीतून साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम लोह शरीरात जाते, तर शरीर स्वतःहून दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह बाहेर टाकते. निरोगी प्रौढाच्या अंगात एकूण तीन-चार ग्रॅमच लोह असते. ज्याला वर्षाला पंचवीस-तीस पिशव्या लागतात, अशा रुग्णाच्या शरीरात त्याहून अधिक लोह एकाच वर्षात येऊन पडते. ते यकृतात, हृदयात आणि अंतःस्रावी (हार्मोन तयार करणाऱ्या) ग्रंथींत साठते. त्यातून पुढे मधुमेह होतो, उंची खुंटते, वयात येणे लांबते आणि सर्वांत गंभीर म्हणजे हृदय निकामी होते.

अमेरिकेतील डेट्रॉइटचे बालरोगतज्ज्ञ थॉमस कूली यांनी 1925 मध्ये या आजाराचे वर्णन केले. पुढे नियमित रक्त देण्याची पद्धत रुळली आणि मुले बालपण ओलांडू लागली. परंतु पौगंडावस्थेत किंवा विशीच्या आसपास त्यांतली बरीच हृदयविकाराने दगावत. ज्या रक्ताने जगवले, त्यातल्याच लोहाने हे मृत्यू होत होते. 1960 च्या दशकाच्या आरंभी एका सूक्ष्मजीवापासून मिळालेले, शरीरातले लोह बाहेर काढणारे डेफेरॉक्सामिन हे औषध वापरात आले. ते तोंडाने घेऊन उपयोग नव्हता. म्हणून 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात छोट्या पंपाने, पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखाली सुई टोचून, रात्री आठ ते बारा तास आणि आठवड्यातून पाच ते सात रात्री ते देण्याची पद्धत रूढ झाली. ज्यांनी ती निष्ठेने पाळली त्यांचे आयुष्य वाढल्याचे 1990 च्या दशकातील अभ्यासांनी स्पष्ट दाखवले. मात्र लेकराला रोज रात्री सुई टोचणे कोणत्याही आईसाठी सोपे नव्हते, आणि औषध व पंप यांचा खर्च भारतातल्या बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेर होता. त्या काळी उपचार सुटला तर त्याचा दोष कुटुंबाला देणे अन्यायाचेच ठरले असते.

लोह काढणाऱ्या, पण तोंडाने घ्यायच्या डेफेरिप्रोन या औषधाला 1990 च्या दशकाच्या मध्यास, युरोप आणि अमेरिकेच्याही आधी, भारतात परवानगी मिळाली, ही आपल्याकडे फारशी न सांगितली जाणारी गोष्ट आहे. अमेरिकेत त्यासाठी 2011 उजाडावे लागले. दिवसातून एकदा घ्यायचे डेफेरासिरॉक्स तिथे 2005 मध्ये मान्य झाले आणि नंतर भारतातही आले. सुई गेली, तरी खंड पडणे थांबले नाही. विशेषतः मूल कॉलेजला जाऊ लागते आणि गोळीची जबाबदारी आईकडून त्याच्याकडे येते, त्या वयात हा खंड वाढतो.

सीमाभागात यात आणखी एक गुंता आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, तरी मराठी कुटुंबांची मिरज, कोल्हापूर, पुण्याकडची दवाखान्याची वाट मोडली नाही. त्यामुळे रक्त बेळगावात, तज्ज्ञांचा सल्ला महाराष्ट्रात आणि सरकारी योजनेचे कार्ड कर्नाटकाचे, अशी विभागणी काही घरांत होते. फेरिटिनचे (शरीरातल्या लोहसाठ्याचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीचे) जुने अहवाल एका फाइलमध्ये आणि औषधाची मात्रा दुसऱ्या फाइलमध्ये राहते. गोळी देणारी आजी केवळ मराठी वाचत असेल, तर कन्नड किंवा इंग्रजी माहितीपत्रकाचा तिला उपयोग नाही. सर्व अहवाल तारखेनुसार एकाच फाइलमध्ये लावणे आणि मात्रा मराठीत लिहून घेणे, ही साधी वाटणारी कामे माझ्या मते कोणत्याही उपदेशापेक्षा उपयोगी आहेत. थॅलेसेमियाचा समावेश 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, हेही प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असावे.

गोळ्या सुटल्या असतील तर रुग्णाने ते डॉक्टरांपासून लपवू नये आणि डॉक्टरांनीही रागावू नये. लपवलेल्या खंडामुळे फेरिटिन वाढलेले दिसते आणि मात्रा विनाकारण वाढवली जाते. हृदयातले लोह मोजणारी एमआरआयची विशेष पद्धत 2001 पासून उपलब्ध आहे. तिने एक आशादायक गोष्ट दाखवली आहे: उपचार पुन्हा नेटाने सुरू केल्यास हृदयातले लोहही कमी होते. यकृताच्या मानाने त्याला बराच अधिक काळ लागतो, म्हणून पहिल्या काही महिन्यांत आकडा हलला नाही तरी औषध सोडू नये.

औषध स्वतःहून थांबवू नये, याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. डेफेरिप्रोनने क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात. त्यामुळे ते घेणाऱ्याला ताप आला किंवा घसा दुखू लागला, तर गोळी तात्काळ बंद करून त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्यावी, आणि पुढे कोणते औषध घ्यायचे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.