स्तनाच्या कॅन्सरनंतर दरवर्षी पेट स्कॅन का करत नाहीत?

स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन, केमो, शेक (रेडिएशन) उरकले की जळगाव-धुळ्याकडच्या घरांत पहिला प्रश्न येतो, 'आता पेट स्कॅन (अंगभर कॅन्सर शोधणारा स्कॅन) कधी?' गाठ लवकर सापडलेली असेल आणि त्रास काही नसेल, तर स्कॅन नाहीच. हे उत्तर नातेवाइकांच्या गळी उतरत नाही.

1980 च्या दशकात हाडांचा स्कॅन, छातीचा एक्स-रे आणि लिव्हरची सोनोग्राफी ठरावीक महिन्यांनी करायची पद्धत होती. इटलीत 2500 हून अधिक बायकांवर दोन चाचण्या झाल्या. एका गटाला ठरावीक महिन्यांनी असे स्कॅन, दुसऱ्याला फक्त डॉक्टरी तपासणी आणि मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे). निकाल 1994 मध्ये आले. एका चाचणीत हाडांत, छातीत पसरलेला आजार स्कॅनच्या गटात आधी दिसला, पण मृत्यू दोन्हीकडे जवळपास सारखेच. बाईला वाईट बातमी थोडी आधी कळली, एवढाच फरक.

हे निकाल पेट स्कॅनच्या आणि नव्या औषधांच्या आधीचे आहेत, हा आक्षेप रास्त आहे. तरी लक्षण नसताना स्कॅन करून आयुष्य वाढते, हे अजून कुणी दाखवलेले नाही. रक्तातला सीए 15-3 हा कॅन्सरचा मार्कर जरासा वाढला की मुंबईची फेरी, बायोप्सी, उधारी. आणि बऱ्याचदा निघत काहीच नाही. दुखणे हटत नसेल, धाप लागत असेल किंवा काखेत नवी गाठ लागली, तर मात्र स्कॅन लगेच.

उरले ते साधे. पहिली 3 वर्षे दर 3 ते 6 महिन्यांनी तपासणी, पुढची 2 वर्षे 6 ते 12 महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. मॅमोग्राफी शेक संपल्यावर किमान 6 महिन्यांनी. त्याआधी सुजेमुळे फोटो फसवतो. पुढे ती दरवर्षी. स्तन काढला असेल तर दुसऱ्या बाजूची.

गाठ हार्मोनवर वाढणारी असेल तर खरा जीव वाचवते ती रोजची गोळी. टॅमॉक्सिफेन 20 मिलिग्रॅम, आधी 5 वर्षे. 2012 नंतर काहींना 10 वर्षे. पाळी गेलेल्या बाईच्या अंगावरून लाल गेले की गोळी घरीच परस्पर बंद केली जाते. बंद करायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. आधी गर्भाशयाची तपासणी.

काखेतल्या गाठी काढलेल्या हाताने काही उचलू नका, हात सुजेल, असे पूर्वी सांगत. 2009 च्या चाचणीत हळूहळू वजन वाढवत केलेल्या व्यायामाने सूज वाढली नाही. धोका जखमेचा. कापूस वेचताना बोंडाचे वाळलेले टोक रुतते, दुसऱ्या दिवशी हात लाल, गरम. हळद लावून वाट पाहू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा; अँटिबायोटिक लागते.