कपाशीची पानं भेंडीसारखी झाली? बियाण्याला दोष देण्याआधी पंप बघा

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये कुणी ना कुणी कपाशीचा शेंडा पिशवीत घालून दुकानात येतं आणि काउंटरवर ठेवतं. "भाऊ, हे बघा तुमचं बियाणं." पानं अरुंद, लांबट, शिरा उठून आलेल्या, कडा दातेरी. हुबेहूब भेंडीचं पान. मागच्या हंगामात हे एकच उत्तर इतक्या जणांना द्यावं लागलं, की यंदा ते छापून बियाण्याच्या पाकिटासोबतच देत आहोत.

हा रोग नाही आणि बियाण्याचा दोषही नाही. हा टू-फोर-डीचा परिणाम आहे. मका, ज्वारी, ऊस, गहू यांतलं रुंद पानाचं तण मारायला हे तणनाशक वापरतात. कपाशीही रुंद पानाचीच, आणि तिला तर हे फारच लवकर बाधतं. नळीत, वॉशरमध्ये, टाकीच्या तळाला राहिलेला थोडासा अंशही पुरतो. मक्यावर मारलेला पंप दोन पाण्यांनी खळखळून घेतला आणि त्यातूनच तुडतुड्याचं औषध कपाशीवर फवारलं, की काही दिवसांत नवे शेंडे वेडेवाकडे निघतात. जुनी पानं मात्र ठणठणीत दिसतात, म्हणून तर माणूस गोंधळतो.

ओळखायचं कसं? शेताच्या कडेला उभं राहून ओळी बघा. बियाण्यात खोट असती तर ती उगवणीपासून आणि शेतभर विखुरलेली दिसली असती. इथे अमुक ओळीपासून अमुक ओळीपर्यंत पट्टा दिसतो, म्हणजे तेवढा एक पंप. किंवा एकाच बांधाकडून नुकसान सुरू होऊन आत कमी कमी होत जातं, म्हणजे शेजारच्या फवारणीचा वारा.

यावर उतारा म्हणावा असं औषध नाही. कुणी महागडं टॉनिक हातात ठेवलं तर घेऊ नका. आम्हीही विकणार नाही. बिघडलेले शेंडे खुडा, 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया टाकून फवारा आणि ओल टिकवा. मात्रा कमी गेली असेल तर झाड नवी फूट काढून सावरतं. ऐन पात्यांच्या (फुलकळ्यांच्या) वेळी जास्त गेली, तर पाते गळतात आणि तो बहर हातचा जातो.

म्हणून आमचं कळकळीचं सांगणं एवढंच: तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा आणि त्यावर लाल रंगाने खूण करा. नवा पंप घेणं जमत नसेल तर जुना दुरुस्त करून तणनाशकाला लावा. वॉशर, नोझल, नळी आमच्याकडे सुट्या मिळतात. दुसरा पंप नसेलच, तर धुण्याच्या सोड्याचं पाणी भरून रात्रभर ठेवा, सकाळी ते नोझलमधून पूर्ण काढा आणि मग साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. टू-फोर-डी मागितलं की आम्ही "शेजारी कपाशी आहे का?" असं विचारतो. काहींना त्याचा राग येतो. तरी विचारणारच, कारण नुकसान झालेला शेजारीही आमचाच ग्राहक असतो.

भुईमुगाचीही अशीच एक तक्रार असते, "शेंगा पोचट निघाल्या, बियाणं खराब." इथे बहुतेक वेळा कॅल्शियम कमी पडलेलं असतं. मुळांनी घेतलेलं कॅल्शियम पाण्यासोबत पानांकडे चढतं, ते परत खाली शेंगेत येत नाही. शेंग आपल्याभोवतीच्या मातीतूनच ते ओढून घेते. त्यामुळे कॅल्शियम देणारं जिप्सम, आऱ्या (फुलातून निघून मातीत शिरणारे, टोकाला शेंग धरणारे दांडे) सुटतात त्या थरात पडलं पाहिजे: एकरी साधारण 80 किलो पेरणीला आणि तेवढंच आऱ्या सुटताना, शेवटच्या कोळपणीसोबत, म्हणजे पस्तीस-चाळीस दिवसांच्या आसपास. त्यानंतर कोळपं घालू नका, आऱ्या तुटतात. तण दिसलं तर हाताने उपटा. आऱ्यांच्या वेळी सगळेच एकदम जिप्सम मागायला येतात, तेव्हा पेरणीच्या बियाण्यासोबतच सांगून ठेवलंत तर आम्ही तुमच्या नावाने बाजूला काढून ठेवू.

कपाशीत एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारे) पाते लागण्याच्या सुमारास लावा. एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग आले, तर गुलाबी बोंडअळीच्या फवारणीची वेळ झाली असं समजा. डोमकळ्या (अळीमुळे नीट न उमलता गुलाबकळीसारखी मिटून राहिलेली फुलं) दिसतील तशा तोडून नष्ट करा. फरदड (वेचणी संपल्यावरही पीक राखून पुन्हा कापूस घेणं) घेऊ नका.

आता आमच्या बिलाबद्दल. लॉट नंबर लिहिल्याशिवाय आम्ही पाकीट देत नाही. गर्दीत त्यासाठी थांबावं लागतं, हे मान्य आहे. पण बियाणं खरोखरच सदोष निघालं, तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढे तुमच्या बाजूने बोलणारी वस्तू म्हणजे ते बिल, रिकामं पाकीट, त्यावरचं लेबल आणि राखून ठेवलेलं मूठभर बियाणं. अशी तक्रार असेल तर अर्ज लिहायला आम्हीच मदत करू.

शेंडा घेऊन जरूर या. सोबत पूर्ण शेताचा एक फोटो आणा, आणि त्या पंपाने आधी कशावर काय मारलं होतं, ते घरात सगळ्यांना विचारून या. फवारणी बऱ्याचदा भावाने किंवा सालदाराने केलेली असते.