पिंगळा की रानपिंगळा?

आरे कॉलनीत तिन्हीसांजेला दिव्याच्या खांबावरून पतंगांवर झडप घालणारा वीतभर उंचीचा पक्षी पिंगळा, म्हणजे छोटे घुबडच असतो, याविषयी सहसा वाद होत नाही. वाद सुरू होतो तो मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसाच्या जंगलात. कारण तिथे २०१४ मध्ये पिंगळ्याच्या दुर्मिळ जंगली भाऊबंदाची, रानपिंगळ्याची नोंद झाली आणि तेव्हापासून उन्हात बसलेला प्रत्येक पिंगळा हौशी पक्षीनिरीक्षकांना 'रान' वाटू लागला.

रानपिंगळा दिनचर आहे, हे खरे. निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर भर दिवसा बसून तो सरडे, सापसुरळ्या आणि उंदीर टिपतो. पण साधा पिंगळाही ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतो, आपल्याकडे रोखून पाहतो आणि मान खाली-वर झुलवतो. घुबडांचे डोळे खोबणीत फिरत नसल्यामुळे अंतराचा अंदाज घेण्यासाठी त्याला डोकेच हलवावे लागते. त्यामुळे केवळ वेळ पाहून पक्षी ठरवू नये. आकारही फारसा उपयोगी नाही. पिंगळा सुमारे २१ सेंटिमीटरचा, तर रानपिंगळा जेमतेम २३ सेंटिमीटरचा.

पाहायचे ते डोके आणि पोट. पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके दाट व ठळक असतात, आणि पांढुरक्या पोटावर तुटक तपकिरी रेघा खालपर्यंत उतरतात. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा, छाती गडद तपकिरी आणि तिच्याखालचे पोट स्वच्छ पांढरे असते. चोच आणि नख्याही अंगाच्या मानाने दणकट दिसतात.

पहाटे दारी येऊन भविष्य सांगणारे पिंगळा जोशी ज्याची भाषा जाणतात असे लोक मानत आले, तो पक्षी अर्थातच गावातला साधा पिंगळा. रानपिंगळ्याचे वर्णन १८७३ मध्ये ब्रिटिश पक्षीतज्ज्ञ ह्यूम यांनी केले. १८८४ नंतर मात्र त्याची खात्रीशीर नोंदच नव्हती. १९१४ चा म्हणून दाखवला जाणारा नमुना ब्रिटिश लष्करी अधिकारी व पक्षीसंग्राहक माइनर्टझहागेन यांनी संग्रहालयातून चोरून नव्या चिठ्ठीने खपवलेला जुनाच नमुना होता, हे अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघड केले. मग खोट्या नोंदीचे ठिकाण वगळून जुन्या, खऱ्या नमुन्यांच्या प्रदेशांत शोध घेतल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ हा पक्षी त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला.

पक्षी पाठमोराच दिसला, तर शेपटी पाहावी: रानपिंगळ्याच्या शेपटीवरचे पांढरे पट्टे रुंद असतात, आणि बसल्या जागी ती डावी-उजवीकडे झटकण्याची त्याला सवय असते.