परमिट रूमच्या काळ्या काचा: खान्देशातल्या रात्रीची पार्श्वभूमी

रात्री साडेआठच्या सुमारास जळगावात प्रभात चौकाकडून अजिंठा चौफुलीकडे निघालं, की महामार्गाच्या दोन्ही अंगांना पाट्या लागायला लागतात. 'फॅमिली रेस्टॉरंट अँड परमिट रूम'. एका दारातून शेवभाजीच्या काळ्या मसाल्याचा वास आणि लेकराबाळांचा गलका येतो. शेजारच्या दाराला मात्र गडद काच, आत जाड पडदा, त्यापलीकडे मंद पिवळा उजेड. बाहेर दुचाक्यांची रांग. एमआयडीसीतून पाळी संपवून आलेले कामगार, बियाणं आणि ठिबकच्या कंपन्यांचे प्रतिनिधी, केळीचा सौदा उरकून आलेले व्यापारी. 'चल रे भो, जरा बसू' म्हणत ही मंडळी आत शिरतात.

परमिट रूम हा शब्द आपण इतक्या सवयीने उच्चारतो, की त्याचा अर्थ कुणी विचारत नाही. ज्याच्याकडे दारू पिण्याचा सरकारी परवाना आहे, त्यानेच बसायची खोली ती परमिट रूम. दारू मुळात मना आहे आणि परवानाधारकाला तेवढी सूट आहे, हे त्या नावातच आलं. आपल्या शहरांतली रात्र अशी पडद्याआड का गेली, ते समजून घ्यायचं तर बंदीच्या इतिहासाकडे जावं लागतं. तो इतिहास सुरू होतो सातपुड्यात.

तिथल्या आदिवासींत मोहाची दारू देवाला आधी, माणसाला नंतर. लग्न असो की मरण, पहिले थेंब जमिनीवर सांडल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नसे. इंग्रजांनी महसुलासाठी त्यात हात घातला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची भट्टी गुन्हा ठरली आणि दारू ठेकेदाराच्या गुत्त्यावर गेली. गुत्त्यासोबत उधारी आली आणि उधारीच्या वहीतून जमिनी सावकाराकडे गेल्या. तळोदा-शहाद्याच्या पट्ट्यात दारूबंदीची हाक दिली ती आदिवासींनीच. तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३८ साली माणसांना एकमेकांना 'आप' म्हणायला शिकवलं, दारू सोडायला सांगितली, आणि त्यांच्या आरतीला हजारो लोक जमू लागले. एकमेकांना मान देणं आणि दारू सोडणं या दोन गोष्टी त्यांनी एकत्र बांधल्या, हे मला फार मोलाचं वाटतं.

इकडे सपाटीवर वेगळंच चाललं होतं. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला आणि १८७० मध्ये जबलपूरच्या मार्गाने उत्तर भारताला जोडली गेली. त्या दोन वाटा जिथे फुटतात ते भुसावळ रात्रभर जागं राहू लागलं. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड यांच्या पाळ्यांना दिवसरात्र नसते. जळगाव, अमळनेर, धुळे इथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या. गिरणीचा भोंगा झाला की चहा, भजी, गुत्ता आणि तमाशाचा फड, अशी संध्याकाळ ठरलेली. खान्देशी शहरांच्या रात्रजीवनाला धरून ठेवणारं पहिलं ठिकाण म्हणजे स्टेशन. आजही जळगावात नेहरू चौक ते स्टेशन हा तुकडा उशिरापर्यंत जागा दिसतो, तो या जुन्या सवयीने.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ आणला आणि १९५० मध्ये राज्यभर पूर्ण दारूबंदी लागू झाली. ज्याला प्यायची असेल त्याने डॉक्टरचा दाखला आणून आरोग्य परवाना काढायचा. दाखला कुणाला मिळायचा, हे सांगायला नको. ज्याला मिळाला नाही तो हातभट्टीकडे वळला. ओढ्याकाठी, उसाच्या फडात, वस्तीच्या मागच्या बोळात 'पहिल्या धारेची' मिळू लागली. पिणं चोरून करायची गोष्ट झाली ती तेव्हापासून.

१९६० च्या दशकात वसंतराव नाईकांच्या सरकारने बंदी सैल केली आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारूची परवानाधारक दुकानं आली. त्याच सुमारास, १९७२-७३ मध्ये, शहादा भागात श्रमिक संघटनेच्या आदिवासी बायका गावोगावच्या गुत्त्यांवर चालून जात होत्या आणि दारूची मडकी फोडत होत्या. दुष्काळाची ती वर्षं. घरात दाणा नाही आणि रोजगार हमीची मजुरी गुत्त्यावर जाते, हे त्यांनी सोसायचं नाकारलं. सरकार दार उघडत होतं आणि ज्यांच्या घरावर त्याचा भार पडणार होता, त्या बायका तेच दार अडवून उभ्या होत्या. खान्देशातल्या बारचा इतिहास लिहिताना ही गोष्ट कुणी वगळू नये.

बंदी सैल झाली, पण कायदा रद्द झाला नाही. तोच १९४९ चा अधिनियम नाव बदलून आजही चालू आहे. त्यामुळे कागदोपत्री पिणाऱ्याकडे परवाना हवाच: एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा. सौम्य बिअर आणि वाइनसाठी वय २१, बाकी दारूसाठी २५. टेबलावर बसल्यावर वेटर परवाना मागत नाही. पाणी, फुटाणे आणि मीठ-लिंबू लावलेली काकडी आणून ठेवतो. काळी काच मात्र राहिली.

मग महामार्गाचा काळ आला. सुरत-नागपूर रस्ता, जुना राष्ट्रीय महामार्ग ६ आणि आताचा ५३, धुळ्यात मुंबई-आग्रा रस्त्याला छेदतो आणि पुढे जळगाव शहराच्या मधून जातो. ट्रक थांबतात तिथे ढाबा, ढाब्याशेजारी बिअर बार. शहर वाढत गेलं तसं गावाबाहेरचं म्हणून बांधलेलं सगळं शहराच्या पोटात आलं. पश्चिमेकडे नवापूरची गोष्ट आणखी निराळी. तिथल्या रेल्वे स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. गुजरातेत दारूबंदी आजही आहे. सीमेच्या अलीकडचा धंदा का फुगतो, ते त्या फलाटावर उभं राहिलं की कळतं.

१५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा निकाल दिला. कारण रस्त्यावरचे अपघात. १ एप्रिल २०१७ ला अंमल सुरू झाला तेव्हा ज्या शहराच्या छातीवरून महामार्ग जातो त्या जळगावात पाट्यांमागून पाट्या विझल्या. वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांना अंतर २२० मीटर केलं गेलं, पण त्याचा इथे उपयोग नव्हता. शहरातले रस्ते महापालिकेच्या नावे करून, म्हणजे ते महामार्गच उरणार नाहीत असं करून, दारूची दुकानं वाचवायची का, यावर शहर पेटलं. नागरिकांचं म्हणणं साधं होतं: रस्ता दुरुस्तीला पैसा नसलेल्या महापालिकेच्या गळ्यात हे रस्ते कशाला? ते म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने पालिका हद्दीतल्या परवानाधारकांना हा आदेश लागू नाही असं स्पष्ट केलं आणि हळूहळू दिवे पुन्हा लागले. मधल्या महिन्यांत हाल झाले ते वेटरांचे, भांडी घासणाऱ्यांचे, बाहेर अंडाभुर्जीची गाडी लावणाऱ्यांचे. ही माणसं कुठल्याच बाजूच्या युक्तिवादात नव्हती.

बायकांच्या हाती एक सनदशीर हत्यार आहे, आडव्या बाटलीचं मतदान. गावातल्या किंवा प्रभागातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं. मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून अधिक. मजुरी बुडवून मतदानाला यायचं म्हणजे काय, हे कापूस वेचणीच्या दिवसांत विचारा.

आता पुन्हा चक्र फिरतंय. परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट सरकारने २०२३ मध्येच पाचाचा दहा टक्के केला होता; २०२५ मध्ये परवाना शुल्क वाढवलं, विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्कही चढवलं. १४ जुलैला राज्यभरातल्या बारमालकांनी एक दिवस बंद पाळला. गिऱ्हाइकाने मात्र आपला हिशेब आधीच केला होता. वाइन शॉपमधून बाटली घ्यायची, सोबत भरतासाठी चार-पाच किलो हिरवी वांगी, आणि गाड्या काढून मित्राच्या वावरात जायचं. तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातात, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचली जातात, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी घरून बांधून आलेल्या असतात. हिवाळ्यातल्या शनिवारी असोदा-भादलीच्या शिवारात अशा शेकोट्या लांबून दिसतात. महामार्गावरच्या काळ्या काचेमागची टेबलं त्या रात्री निम्मी रिकामी असतात.